पिशवीचं ऑपरेशन

गावात मी ठोकून दिलं होतं, पिशवीचं ऑपरेशन झालंय. साजगावपासून कुंभिवलीपर्यंत निम्म्या बायकांच्या पिशव्या काढलेल्या, त्यामुळे पुढं कुणी विचारलं नाही. केस गेले तेव्हा टायफॉइड सांगितला. स्तनाचा कॅन्सर होता, डावी बाजू काढून टाकलीय, हे फक्त आमच्या ह्यांना आणि लेकीला ठाऊक. ब्लाऊजमध्ये जुन्या सुती साडीची घडी शिवून मी तोऱ्यात फिरायचे.

तशी मी फटकळ. नळाच्या पाण्यावरनं भर ग्रामसभेत सरपंचाला फाडून खाल्लेली बाई. पण आंघोळ करायचे ती डोळे मिटून. मला माझीच किळस यायची. दुसरं कुणी कशाला, मीच मला नासकी म्हणायचे. हे म्हणायचे, "अगं, बरी झालीस ना? मग आता का कुढतेस?" बरी झाले म्हणे! कसली बरी, डोंबलाची!

त्यात लेकीचं जमत आलं. कर्जतकडचं स्थळ, मुलगा शिकलेला, माणसं चांगली. मी घरात दम दिला, लग्न होईस्तोवर एक अक्षर बाहेर जाता कामा नये. आईचा रोग कळला की पोरीकडे त्याच नजरेनं बघतात लोक. हे स्थळ हातचं गेलं असतं तर मी स्वतःला कधी माफ केलं नसतं. लेक म्हणाली, "आई, त्यांना सांगून टाकूया ना." "तोंड शिव," मी म्हटलं. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

हळदीच्या आदल्या दिवशी कासारीण आली. पडवीत बायकांचा नुसता कलकलाट. काखेतल्या गाठी काढल्यापासून माझा डावा हात सुजलेला असायचा. त्याला सुई नको, जखम नको, घट्ट काही नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण नवरीची आई एकाच हातात बांगड्या भरते का कुठं? थोरल्या जाऊबाईंनीच माझा हात पुढं ओढला.

"अगं, केवढा सुजलाय गं हात तुजा! काय झालं हाय?"

"लग्नाचं काम काय कमी आहे का?" मी हसून म्हटलं.

कासारणीनं साबण लावून बांगड्या दामटल्या. तिसरी मनगटावरच पिचली आणि काच आत शिरली. "वाढवली गं बाई," कुणीतरी पुटपुटलं. लग्नाच्या घरात बांगडी वाढवली म्हटल्यावर सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. कासारणीनं रक्त पुसलं आणि दुसरी चढवली.

हळदीला हात कढत लागत होता. लग्नाच्या दिवशी लाल पट्टे कोपरापर्यंत चढले. पदराखाली हात झाकून मी अक्षता टाकल्या, विहिणीची ओटी भरली, हुडहुडी भरलेली असताना फोटोत दात काढले. कुणाच्या लक्षात येऊ नये, एवढीच धाकधूक. पाठवणीला लेक गळ्यात पडली आणि दचकली. "आई, तू केवढी तापलीयस!" "जा गं मुकाट्यानं, गाडी थांबलीय," मी म्हटलं.

गाडी वळली आणि मी ओटीवर कोसळले. हॉस्पिटलात बांगड्या कापून काढल्या. आणखी उशीर केला असता तर विष अंगभर पसरलं असतं, असं डॉक्टर खेकसले. हात वाचला. पडल्या पडल्या मी सुखानं डोळे मिटले. पोरगी नांदायला गेली होती आणि कुणाला काही कळलं नव्हतं.

लेक पहिल्यांदा माहेरपणाला आली तेव्हा मी वाल सोलत बसले होते. ती शेजारी बसली, थोडे वाल तिनंही सोलले. मग माझा हात धरून तिनं स्वतःच्या छातीपाशी नेला, काखेच्या बाजूला.

"इथं बघ."

बोटांखाली वालाएवढं काहीतरी टणक लागलं.

"कधीपासनं आहे हे?"

"साखरपुड्याच्या आधीपासनं," ती म्हणाली.