पुढच्या सीटवर केशरबाई

देवानंदनं वीस वर्षं जालन्याच्या भिंती रंगवल्या. कापसाच्या बियाण्यांची पाकिटं, ट्रॅक्टर, दवाखान्यांच्या पाट्या, सगळं ब्रशनं. मग फ्लेक्स आले आणि त्याचे डबे वाळून गेले. चाळिशीत तो संगणक शिकला. आता त्रेपन्नाव्या वर्षी नवीन जालन्यात, स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर, कल्याण सरांच्या इन्स्टिट्यूटमध्ये तो पोरापोरींना डिझाईन शिकवायचा आणि दुपारून फ्लेक्सची कामं करायचा.

कामं म्हणजे वाढदिवस, लग्नं, नियुक्त्या. गिऱ्हाईक कोणीही असो, शेवटी एकच मागणं असायचं, "चेहरा जरा उजळ करा." देवानंद करायचा. त्याचा हात असा बसला होता की काळासावळा माणूस आत यायचा आणि दहा मिनिटांत दुधात बुडवून काढल्यासारखा बाहेर पडायचा. घरी गेल्यावर त्याला जेवण जात नसे. बायको शालू विचारायची, काय झालं. तो म्हणायचा, पित्त.

या वर्षी कल्याण सरांनी एक काम आणलं. एमआयडीसीच्या रस्त्याला अंगदशेठ जुन्या गाड्या विकायचा. दसऱ्याच्या जाहिरातीचं डिझाईन पोरांनी करायचं, शेठला आवडेल ते मोठ्या होर्डिंगवर लागणार, खाली पोराचं नाव. अठरा पोरांनी डिझाईनं केली. सतरा जणांच्या गाड्या घाटातून पळत होत्या, जालन्यात नसलेल्या घाटातून.

अठरावं अक्षताचं. ही पोरगी राजूरजवळच्या एका खेड्यातून रोज एसटीनं यायची. तिच्या चित्रात कापसाच्या रानाकडेला एक पांढरी गाडी उभी होती. पुढचं दार उघडं, आणि निळं लुगडं नेसलेली एक म्हातारी ड्रायव्हरशेजारच्या सीटवर नुकतीच टेकत होती. झिजलेल्या चपला तिनं खाली मातीत नीट जोडून ठेवल्या होत्या. वर एकच ओळ होती: 'आता पुढं बसा.'

देवानंद बराच वेळ बघत राहिला. "ही कोण?"

"माझी आजी, केशरबाई. आमच्या शाळेच्या मास्तरांची गाडी मागून आणल्ती. आजी मागं बसायला चालली. म्हणली, पुढं मालक बसतेत. लई समजावलं तवा बसली, तेबी चपला काढून. तेवढ्यात म्या फोटो काढला."

"त्या चपलांतच सगळं आहे बघ," देवानंद म्हणाला. "त्यांना हात लावू नको."

शुक्रवारी तो अक्षताला घेऊन शेठकडं गेला. डिझाईन करणाऱ्यानं आपल्या कामावरचं बोलणं समोर बसून ऐकावं, असं तो वर्गात नेहमी सांगायचा. शेठच्या केबिनमध्ये अत्तर आणि तळणाचा वास एकत्र कोंडला होता. शेठ भजी खात होता. शेजारी भागवत नावाचा मॅनेजर उभा होता.

शेठनं सतरा प्रिंट भराभर उलटल्या आणि अठराव्यावर थांबला. "फोन नंबर लई बारीक हाय. रस्त्यावरून दिसणार न्हाई."

ते खरं होतं. अक्षतानं वहीत लिहून घेतलं.

"गाडीबी अर्धीच दिसून राह्यली. गाडी इकायची का बाई?" भागवत हसला. मग शेठनं तेलकट बोट उचललं आणि नेमकं केशरबाईच्या कपाळावर टेकवलं. "अन् हे काय? ही असली बाई गाडीत बसली तं गिऱ्हाईक म्हणंल, आधी सीट धुऊन दे."

बोट उचललं तेव्हा कपाळावर तेलाचा डाग पडला होता आणि तो पसरत डोळ्यापर्यंत चालला होता.

"एखादी गोरीगोमटी पोरगी टाका. बाकी आयडिया बराबर हाय," शेठ म्हणाला. "अन् ह्यो निळा रंग काढा. आपलं गिऱ्हाईक बिचकतं." मग अक्षताकडं बघून त्यानं विचारलं, "आडनाव काय तुझं?"

अक्षतानं सांगितलं. शेठनं एकदा भागवतकडं बघितलं, भज्यांची प्लेट आपल्याकडं ओढून घेतली आणि शेजारच्या कागदी कपात थुंकला.

कोणता निळा रंग बिचकवतो हे देवानंदला कोणी सांगायची गरज नव्हती. त्याच्या स्वतःच्या घरात दाराच्या चौकटीवर तोच रंग होता. त्याच्या मनात पुष्कळ आलं. तोंडातून निघालं ते मात्र इतक्या वर्षांच्या सवयीचं, "करून देतो, शेठ. सोमवारपर्यंत."

स्वतःचा आवाज ऐकून त्याला शेठपेक्षा जास्त किळस स्वतःची आली.

बाहेर आल्यावर अक्षतानं वही पिशवीत टाकली. ती रडली नाही. स्टँडपर्यंत ती त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून आली, उतरली आणि "येते सर" एवढंच म्हणाली.

संध्याकाळी देवानंदनं फाईल उघडली. इंटरनेटवरून एक गोरी हसरी पोरगी घेतली आणि केशरबाईला कापून काढायला लागला. कडेकडेनं टिंब द्यायचं, पुढं सरकायचं. कानापर्यंत आला, मानेवरून उतरला, आणि दंडापाशी त्याचा हात थांबला.

त्याला मोठ्या पोरीच्या लग्नातला फ्लेक्स आठवला. त्यावरचा शालूचा चेहरा त्यानं, कोणी न सांगता, उजळ केला होता. शालू मांडवाच्या दारात फ्लेक्सखाली उभी राहिली, वर बघितलं आणि त्याला हळूच विचारलं, "माझ्या जागी कोण बसवली वो?" तो तेव्हा हसण्यावारी नेऊन मोकळा झाला होता.

त्यानं संगणक बंद केला. तोंड धुतलं, पुन्हा धुतलं.

रविवारी तो अक्षताच्या गावी गेला. पोरीची माफी मागायची, एवढंच डोक्यात होतं. केशरबाई ओट्यावर बसून शेंगा निवडत होती. अक्षतानं पाणी दिलं. देवानंद म्हणाला, "तिथं मी बोलायला पाहिजे होतं. न्हाई बोललो. चुकलं माझं."

"म्याबी न्हाई बोलले," अक्षता म्हणाली. "माझीच आजी हाय म्हणून सांगितलं न्हाई. लाज वाटली. तिची न्हाई, त्या शेठची. पण घरी येऊस्तोवर कोणाची वाटली ते कळंना."

"काय म्हणला तो?" केशरबाईनं मान वर न करता विचारलं.

अक्षतानं सांगितलं, सीटसकट सगळं. म्हातारीनं एक किडकी शेंग बाजूला टाकली.

"त्येचं काय. असल्यायच्या रानात जनम गेला, वरून पाणी वाढलं तं ओंजळीत घेतलं. दाखीव, कसं काढलं ते."

अक्षतानं मोबाईल पुढं धरला. केशरबाईनं तो लांब नेला, जवळ आणला. "चपला कामून काढल्यात?"

"तूच काढल्या होत्या, आजी."

"काढल्या असतीन. भ्यालते. पण लोकाला कशाला दाखवती? पुढं बसा म्हणती, अन् चपला मातीत. घाल पायात."

देवानंदची मान खाली गेली. सगळ्या चित्रात त्याला आवडली होती ती हीच गोष्ट. तिची भीती त्याला सुंदर वाटली होती, आणि तो पोरीला म्हणाला होता, हात लावू नको. शेठनं तेलाचा डाग पाडला होता. आपण त्याच चित्रापुढं उभं राहून तिच्या भीतीला मान डोलवली, असं त्याला वाटलं.

"शेठला काय द्यायचं ते तू ठरव," तो अक्षताला म्हणाला. "डिझाईन तुझं आहे. गोरी पोरगी टाकायची असली तरी मी काही म्हणणार न्हाई. होर्डिंगवर नाव लागंल तुझं."

अक्षता म्हणाली, "नाव लागावं वाटतं, सर. खोटं कामून बोलू. पण असं न्हाई."

सोमवारी देवानंदनं शेठला फोन करून सांगितलं, अठरावं डिझाईन मिळणार नाही. शेठनं विचारलं, का. देवानंद म्हणाला, "त्या बाईला तुमच्या गाडीत बसायचं न्हाई." पलीकडून शिवी आली आणि फोन कटला. दुपारी कल्याण सरांनी त्याला बोलावून घेतलं. शेठचा पुतण्या इन्स्टिट्यूटच्या जागेचा मालक होता. सकाळची बॅच देवानंदकडून काढून घेतली गेली.

दसऱ्याला होर्डिंग लागलं. घाटातली लाल गाडी, बॉनेटवर एक गोरी पोरगी, कोपऱ्यात हात जोडलेला शेठ. फोन नंबर मात्र चांगला मोठा होता.

अक्षतानं केशरबाईला पुन्हा मास्तरांच्या गाडीत बसवलं, चपलांसकट, आणि नवा फोटो काढला. नंबराची जागा मोठी केली, पूर्ण गाडी घेतली, निळं लुगडं तसंच ठेवलं. ती प्रिंट बघून संभाजीनगरच्या एका लहान जाहिरात कंपनीनं तिला सहा महिने शिकायला ठेवून घेतलं.

देवानंद अजून फ्लेक्स करतो. चेहरा उजळ करा म्हटलं की सांगतो, "माझ्याच्यानं होत न्हाई आता." निम्मी गिऱ्हाईकं उठून शेजारच्या दुकानात जातात. तिथून दहा मिनिटांत पांढरी होऊन बाहेर पडताना ती त्याला काचेतून दिसतात, आणि तो तोंड फिरवतो.