बहिणीचं सुतक

चिमूटभर तूरडाळ तळहातावर चोळायची, फुंकर मारायची आणि म्हणायचं, “माल चोख पाहिजे, ताई.” अफझलगंजच्या डाळीच्या दुकानात उभा जन्म काढलेली अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमचे डाळवाले त्यातलेच एक. मी रक्तपेढीत कामाला, म्हणून त्यांच्या धाकट्या बहिणीला रक्ताचा कॅन्सर निघाला तेव्हा ते आधी माझ्याकडे आले.

नव्वद सालानंतर परदेशी यंत्रं जरा सहज मिळू लागली होती. आमच्या हॉस्पिटलने एका खोलीत बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, बदलायला सुरुवात केली होती. खोली एकच, आणि वाट पाहणारे कितीतरी. यांचा मॅरो बहिणीला जुळला, नंबरही लागला.

दुकानातला हमाल त्यांना म्हणाला, “गूदे से गूदा बनता, साब. नल्ली खाओ.” आणि हे तर गळ्यात माळ घातलेले. माळ काढून खिशात ठेवली आणि सकाळी हॉटेलात जाऊन मटणाच्या नळ्या खाऊन आले.

मला हसू आवरेना. “अहो, असं काही नसतं.”

“हौ, हसा. बहिणीला द्यायचं, कमी पडायला नक्को.”

मॅरो लागू पडला. बहिणीचा रक्तगट बदलून भावाचा झाला, मीच तपासला. त्या दिवशी सगळ्या वॉर्डाला त्यांनी पेढे वाटले.

मग तिची कातडी सोलवटू लागली. पोटात काही ठरेना. डॉक्टरांनी समजावलं, की भावाच्या पेशींना बहिणीचं शरीर परकं वाटतंय, त्या त्याच्यावर उठल्यात. हे आवरणारं औषध बाहेरच्या देशातून यायचं होतं. ते आलं, पण फार उशिरा.

“म्हणजे माझंच तिला खातंय,” ते म्हणाले. “नळ्या खाल्ल्या म्हणून?”

“नाही हो,” मी म्हटलं. परत परत म्हटलं. त्यांना ते पटलं असं मला कधीच वाटलं नाही.

बहीण गेली. आठवड्याने मी भेटायला दिलसुखनगरला गेले. ते कोपऱ्यात घोंगडीवर बसलेले, दाढी वाढलेली. त्यांची बायको हळूच म्हणाली, “लग्न झालेल्या बहिणीचं सुतक भावाला तीनच दिवसांचं. पण हे उठतच नाहीत.”

त्यांनी ऐकलं.

“सासरी गेली तेव्हा परकी झाली होती,” ते म्हणाले. “मरताना तिच्या अंगात रक्त कोणाचं होतं? तुम्हीच तपासलंत ना, ताई. सांगा हिला.”

मी सांगितलं.

“दहा दिवस धरतो,” म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून बसले.