सतरा अक्षरं

आमच्या ग्रुपमध्ये चाळीसेक माणसं आहेत. परदेशातून आणलेली वेगवान गाडी त्यांतल्या तिघांकडे आहे, बाकीच्यांकडे मतं आहेत. मी त्या बाकीच्यांतलाच. माझी गाडी बारा वर्षांची, तिचा मागचा उजवा दरवाजा आतून उघडत नाही. तरीही ग्रुपचा ॲडमिन मीच, कारण मी अमरावतीत एका तंत्रनिकेतनात ऑटोमोबाईल शिकवतो आणि ग्रुपमधले निम्मे कधी ना कधी माझ्या वर्गात बसलेले आहेत. सगळे मला ‘सर’ म्हणतात, आणि मला ते आवडतं.

महिन्यातून एका रविवारी सकाळी आम्ही बडनेऱ्याच्या पुढे एका धाब्यावर जमतो. भांडण ठरलेलं असतं. एक पार्टी म्हणते, बाहेरची गाडी घ्यायचीच तर कंपनीमार्फत, नवी, सगळ्या तपासण्या होऊन आलेली. दुसरी म्हणते, त्यात काय दम आहे, स्वतः बंदरावर उभं राहून सोडवून आणली तीच खरी. दोन्ही पार्ट्यांनी आयुष्यात बंदर पाहिलेलं नाही. गिला वडा दह्यात भिजून फुगतो, चहावर साय धरते, आणि ज्याने पासपोर्टही काढलेला नाही तो टेबलावर हात आपटून कस्टमचे नियम सांगतो. हे मी इतकी वर्षं मजेत ऐकलं. आता त्या टेबलाजवळ बसलं की डोकं तापतं.

गोष्ट मागच्या हिवाळ्यातली. माझी एक जुनी विद्यार्थिनी, अकोल्याची, नऊ वर्षं जपानमध्ये गिअर बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी करून परत आली होती. आई गेली, वडील एकटे पडले, म्हणून ती कायमची आली. अशी कायमची परतणारी माणसं आपली वापरातली एक गाडी ड्युटी भरून सोबत आणू शकतात. तिने आणली. निळी, दोन दारांची, टर्बो इंजिनची, जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर. तिकडेही आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात, त्यामुळे स्टिअरिंग उजवीकडेच होतं. ट्रेलरवरून गाडी घरासमोर उतरल्यावर तिने ग्रुपवर फोटो टाकला. बॉनेट उघडं होतं आणि वडिलांचं डोकं पूर्ण आत गेलेलं होतं. बस डेपोत तीस वर्षं मेकॅनिक राहिलेल्या माणसाचे नुसते पांढरे केस दिसत होते.

पहिल्या पाच मिनिटांत अभिनंदनं आली. मग आमच्या जिनिंगवाल्याने तोच फोटो मोठा करून परत टाकला. हा कापसाच्या जिनिंगच्या मालकाचा मुलगा, पस्तिशीचा, तोही माझाच विद्यार्थी. बॉनेटच्या आत पत्र्यावर कोरलेला चेसिस नंबर त्याने लाल गोलात घेतला होता. खाली लिहिलं होतं, “मोजा. बाराच हायेत. सतरा पायजेत. हे तं डिप्लोमाच्या पोरालेही माईत असते.”

झालं. ग्रुपवर निकाल लागला. गाडी खोटी. दोन तुकडे भंगार म्हणून आणायचे, इथे वेल्डिंग मारून जोडायचे आणि अख्खी गाडी म्हणून मिरवायचं, असे धंदे चालतात हे सगळ्यांनी ऐकलेलं होतं, पाहिलेलं कोणीच नव्हतं. एकाने लिहिलं, “नऊ वर्स वेल्डिंगच शिकली असन तिकडे.” त्यावर हसण्याच्या पिवळ्या तोंडांची रांग लागली.

मी काय केलं? मी फोटो मोठा करून मोजलं. बाराच होते. मग मी तिला खाजगीत लिहिलं, “बेटा, एकदा कागद टाकून दे, विषय मिटेल.”

तिने दहा मिनिटांत टाकले. कस्टमची पावती, जहाजाचा कागद, जपानमधली नोंदणी रद्द केल्याचा दाखला. दहा मिनिटांत! माझ्या घरात गॅसचं पुस्तक शोधायला दोन दिवस लागतात. आणि आमच्या विद्वानांनी ते कागद पाहून काय म्हणावं? “फोटोशॉप.”

आता जिनिंगवाल्याच्या गाडीचं सांगतो. पिवळी आहे, बाहेरूनच आलेली आहे, परराज्यातल्या नंबरवर दोन वर्षांपासून अमरावतीत फिरते. कॅम्प भागात उभी राहिली की पोरं भोवती गोळा होतात. तिचा चेसिस नंबर कोणी मोजला नाही. तिचा एकही कागद आजवर कोणी मागितला नाही, मीही नाही. याला मागायचा नसतो आणि त्या मुलीला मागायचा असतो, हे आम्हाला कोणी सांगावं लागलं नाही. तिचं आडनाव वाचलं आणि बोटं आपोआप चालली. मी तेव्हा हे स्वतःशीही कबूल केलं नाही. नियम म्हणजे नियम, असं मनाला सांगून झोपलो.

आठ दिवसांनी कोणीतरी नोंदणीच्या कचेरीत निनावी अर्ज केला. गाडी तुकडे जोडून बनवलेली आहे, चौकशी व्हावी. फाईल थांबली, तपासणीची तारीख लागली. अर्ज खरा ठरला असता तर गाडी जप्त झाली असती. नऊ वर्षं परक्या देशात जे काही जमवलं त्यातलं बरंचसं त्या गाडीत होतं, आणि गाडीसोबत तिच्या नावाला चोर हा शब्द चिकटला असता तो वेगळाच. अर्ज कोणी केला ते ग्रुपवर कोणीच विचारलं नाही. मी विचारायला हवं होतं.

तपासणीच्या दिवशी मात्र मी सकाळच्या बसने अकोल्याला गेलो. शिक्षक म्हणून शब्द टाकावा, आपल्या ‘सर’पणाचा काही उपयोग व्हावा, असा विचार होता. वडील दारातच उभे होते.

“जयभीम, सर. या.”

“नमस्कार,” मी म्हटलं.

आत एका खाटेवर लोखंडी पेटी उघडी होती. कागद प्लास्टिकच्या पिशव्यांत, पिशव्यांवर वर्षं लिहिलेली. शाळा सोडल्याचे दाखले, जातीचे दाखले, तिच्या डिप्लोमाच्या गुणपत्रिका, अगदी तंत्रनिकेतनाच्या फीच्या पावत्या. जपानची पिशवी सर्वांत वर होती.

“आमच्या घरी कपड्याची पेटी एक अन् कागदाच्या दोन,” वडील म्हणाले. “पोरीच्या जातीची व्हॅलिडिटी काढाले दीड वर्स चपला घासल्या म्या. तिच्या आज्याचा दाखला आना, पंज्याचा आना. आनला. आता गाडीची व्हॅलिडिटी म्हणते. काढू.”

ते रागावलेले नव्हते, हे मला जास्त लागलं. चहा गाळत होते आणि सांगत होते. दहा मिनिटांत कागद कसे आले ते मला तेव्हा कळलं. आमच्या घरी दर्यापूरकडे शेत आहे, त्याचा सातबारा चुलत्याकडे कुठेतरी असेल. मला तो कधी दाखवावा लागला नाही. कुठेही गेलो तरी गावाचं आणि आजोबांचं नाव सांगितलं की समोरचा म्हणायचा, बसा. या म्हाताऱ्याच्या आयुष्यात ‘बसा’च्या आधी दरवेळी ‘कागद’ आला होता, आणि या खेपेला तो मीच मागितला होता. बेटा म्हणून.

ती आतून आली, हातात गाडीची किल्ली. “सर, तुमी काहून तरास घेतला? होऊन जाते.”

तपासायला आलेले साहेब निवृत्तीला टेकलेले, खिशात दोन पेन आणि एक शिसपेन्सिल. कोणाशी फार बोलले नाहीत. बॉनेट उघडायला लावलं, फडक्याने पत्रा पुसला, कोरलेल्या नंबरवर पातळ कागदाची पट्टी धरली आणि शिसपेन्सिल आडवी घासत गेले. काळ्या पट्ट्यातून पांढरी अक्षरं उठायला लागली. आधी काही अक्षरं, मग एक आडवी रेघ, मग आकडे. ती पट्टी त्यांनी जपानच्या दाखल्याशेजारी धरली, मग कस्टमच्या पावतीशेजारी. तिन्हीकडे तेच. नंतर टॉर्च घेऊन गाडीखाली वाकले, दारांच्या फटी पाहिल्या, मागची डिकी रिकामी करायला लावली. जोड कुठेच नव्हता.

मला राहवलं नाही. “साहेब, ते सतरा अक्षरांचं कसं मग?”

“कोणी सांगतलं सतरा?” ते कागदावरून मान न उचलता म्हणाले. “जपानवाले आपल्या घरच्यासाठी बनवते त्या गाडीले असाच नंबर असते. सतरावाली बाहेरदेशी पाठवाची. बंदरावरचे लोक रोज पायते.”

मी मान हलवली, जणू हे मलाही माहीत होतं. त्यांनी सही केली आणि पाण्याचा ग्लास मागितला.

परतीच्या बसमध्ये माझा राग पार वर आला. ज्यांना एवढं साधं ठाऊक नाही त्यांनी एका मुलीला चोर ठरवावं? मूर्तिजापूर येईपर्यंत मी मनात सगळ्यांना ग्रुपमधून काढून टाकलं होतं, जिनिंगवाल्याला दोनदा.

नंबर मिळायला आणखी काही दिवस गेले. नंबरप्लेटचा फोटो तिने टाकला आणि ग्रुपवर काय यावं? “अभिनंदन ताई.” “वऱ्हाडची शान.” “संडेले आना धाब्यावर, फोटो काढू.” शेवटचं जिनिंगवाल्याचं होतं. माफीचं एक अक्षर नाही. सतरा अक्षरांचा हिशेब मांडणाऱ्यांना माफीची दोन अक्षरं लिहिता आली नाहीत. मला इतका संताप आला की फोन गादीवर फेकला.

तिने मला अकोल्याला बोलावलं. वडिलांना गाडी पातूर रस्त्यावर न्यायची होती. डेपोत दुरुस्त झालेली प्रत्येक बस ते त्याच रस्त्यावर ट्रायलला न्यायचे, तेव्हा लेकीच्या गाडीचीही ट्रायल तिथेच व्हायला पाहिजे असा त्यांचा हट्ट. ते पुढे बसले. मी मागे. त्या गाडीला मागची सीट आहे असं म्हणतात. मी गुडघे हनुवटीशी घेऊन, मान वाकडी करून मावलो. गतिरोधक आला की वडील खाली उतरायचे, वाकून गाडीचं पोट बघायचे, हाताने “तिरपी घे, तिरपी” म्हणायचे आणि परत बसायचे. अकोला सोडेपर्यंत असे सहा वेळा उतरले. मग रस्ता मोकळा झाला. तिने गिअर टाकला आणि टर्बोची शिट्टी कानात घुसली. वडील डोळे मिटून इंजिन ऐकत होते.

मी मात्र मागून सुरूच होतो. बारा अक्षरं पाहून न्यायनिवाडा करणारे हे कोण? चार व्हिडिओ पाहून पंडित झालेले. अर्धवट ज्ञान, वर मस्ती. काय शिकले हे, आणि यांना शिकवलं तरी कोणत्या गाढवाने?

मग वडिलांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते.

“सर,” ती आरशात माझ्याकडे बघत म्हणाली, “सतराचं तुमीच शिकोलं होतं. दुसऱ्या वर्साले. सतरा नसली तं गाडी चोरीची, डोळे मिटून समजा, असं. तो जिनिंगवाला माह्या मागच्याच बेंचावर होता.”

मला ते वाक्य आठवलं, माझ्याच आवाजात आठवलं. दरवर्षी मी ते टाकतो. पोरं हसतात म्हणून टाकतो.

“म्या उभं राहून इचारलं होतं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, ती नुसती रस्त्याकडे बघत सांगत होती. “‘सगळ्याच गाड्यायले सतरा असते का सर?’ तुमी म्हणाले, ‘पेपरात सतराच येते. बस खाली.’”

ज्या मुलीने एकटीने बरोबर प्रश्न विचारला तिला मी खाली बसवलं होतं, आणि ज्याने काही न विचारता लिहून घेतलं तो शहाणा होऊन बसला होता. इतके दिवस मी ज्या गाढवाला शोधत होतो तो मागच्या सीटवर गुडघे आवळून बसलेला होता. मला लाज वाटली. खरोखरची, कान गरम करणारी लाज.

पातूरच्या अलीकडे एका टपरीपाशी गाडी थांबली. ग्रुपवर टाकायला म्हणून लांबलचक काहीतरी लिहून ठेवलं होतं, ते मी पुसलं. त्या जागी लिहिलं, “सतराचा नियम सगळ्या गाड्यांना लागू नाही. तो चुकीचा मी शिकवला. चूक माझी आहे. मी तिची माफी मागतो, तुम्हीही मागा.”

मग जिनिंगवाल्याचं उत्तर आलं. मी फोन हातात धरून तसाच उभा राहिलो.

“काय म्हणते?” वडिलांनी विचारलं.

“तुम्ही असं शिकवलं होतं याचा काही कागद असन तं टाका म्हणतो.”

म्हातारा इतका हसला की चहाचा कप त्याला खाली ठेवावा लागला. मग डोळे पुसत म्हणाला, “टाका मंग, सर. आमचं झालं. आता तुमची पाळी.”