वसंतकाकांची पुटपुट

काकूचा फोन सकाळी आला. "अरे, काका गेले..." आणि मी काय विचारलं? "आधी सांग, आमच्या मांजरीचं नाव काय?" पलीकडे हुंदका. मग, "ठमी." तेव्हा कुठे मी रडलो.

हा नियम वसंतकाकांचाच. माझे सख्खे काका, डोंबिवलीला राहायचे. फोनवर घरचा माणूस असला तरी आधी खूण विचारायची. आणि नियमाला कारण मी! मला आवाज काढायची खोड. शहाडच्या आमच्या शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात सुट्टी जाहीर करून मार खाल्लेला. तसाच एकदा काकूच्या आवाजात काकांना फोन केला, "अहो, कम्प्युटरचा पासवर्ड काय हो?" त्यांनी सांगितला की! मी खो-खो हसलो. काका नाही हसले. त्याच दिवशी त्यांनी पासवर्ड बदलला आणि नंतर कधीच कोणाला सांगितला नाही. काकूलासुद्धा.

मग ते वाढतच गेलं. कम्प्युटरच्या कॅमेऱ्यावर काकूची टिकली चिकटवलेली, टीव्हीवर टॉवेल, रोज रात्री वायफाय बंद. "तो ऐकतो रे," हळूच म्हणायचे. घरातले सगळे फोटो कम्प्युटरमध्ये घातले आणि कागदावरचे फाडून टाकले, कोणाच्या हाती लागायला नकोत म्हणून. त्यात काकूच्या आईचा एकुलता एक फोटो होता. वर पाच वेळा पासवर्ड चुकला की सगळं आपोआप पुसलं जाईल, अशी सोय.

तेराव्यापर्यंत मी आणि बाबांनी मिळून चार वेळा चुकवलेला. काकू फक्त म्हणाली, "आईचा चेहरा आता नीट आठवत नाही रे मला..."

पासवर्ड टाकताना काका पुटपुटायचे. शब्द कळायचे नाहीत, नुसती चाल. गणपतीत सगळे जमले की मी त्याची नक्कल करायचो, काकासुद्धा गालातल्या गालात हसायचे. आता तेवढंच हातात होतं. मी त्यांच्या खुर्चीत बसलो, पोक काढलं, त्यांच्यासारखं खाकरलो, डोळे मिटले आणि पुटपुटायला लागलो... बोटं चालली. काय टाइप केलं, देवाशप्पथ, आजही सांगता येणार नाही.

डोळे उघडले तर कम्प्युटर उघडलेला.

आत भांड्यांचा आवाज थांबला. "अहो?"

काकू दारात आली. मी तिच्या आईचा फोटो शोधून स्क्रीनवर उघडला. म्हटलं, आता रडेल, हसेल, मला एक धपाटा तरी घालेल. तिने फोटोकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत होती, पण मला नाही.

"बोला ना अजून..."

"काकू, मी आहे गं," असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण निघाला काकांचा आवाज. मी काढला नव्हता, तो आला. "अगं, वायफाय बंद केलंस का?"

"करते हो," ती म्हणाली, आणि जाऊन बटण बंद करून आली.