गोष्टीतला धोंडिबा

पौषातली थंडी होती. पुण्यातल्या अप्पर वस्तीच्या डोंगरावर धुकं असं बसलं होतं, की खालच्या इमारतींना गच्च्याच नाहीत असं वाटावं. रुपालीनं नळाखालची बादली सरकवली, तवा चुलीवर, म्हणजे गॅसवर, पण ती अजून चूलच म्हणते, तापत ठेवला आणि पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या टॅबवरची कामातली गोष्ट सरावासाठी मोठ्यानं वाचायला घेतली. एक भाकरी थापायची, दोन ओळी वाचायच्या. ती काम करते त्या संस्थेत शिकवलं होतं, गोष्ट घाईनं वाचायची नाही आणि कीर्तनकारासारखी रंगवायचीही नाही.

"धोंडिबा सपाट रस्त्यावर नीट चालतो. पण जिना चढताना मधेच थांबतो. पायरीवर बसून चपलेचा पट्टा नीट केल्यासारखं करतो आणि तेवढ्यात दम खातो. झोपताना पाठीशी उशा रचून घेतो. मागच्या तीस दिवसांत धोंडिबाला दम लागण्याचा त्रास किती झाला असं तुम्ही म्हणाल? अजिबात नाही, थोडा, मध्यम, खूप, की अतिशय?"

गॅलरीत खोकला झाला. पुरा होईपर्यंत तिनं भाकरी फिरवली. मग आवाज आला.

"कोण धोंडिबा?"

"कोणी नाही मामा. गोष्टीतला हाय."

मामा म्हणजे तिचे सासरे, नागोराव. हिंगोलीकडून ऐन जवानीत पुण्याला आले आणि जन्मभर मार्केट यार्डात मिरचीची पोती वाहिली. आता सत्तरीपलीकडे. सकाळच्या उन्हासाठी गॅलरीत बसतात, ऊन असो नसो.

"गोष्टीतला कसा? येरवड्याचा धोंडिबा हाय त्यो. आमच्या हमालांच्या टोळीतला."

"अहो, नाव असंच दिलंय."

"असंच कोण देतं नाव?" म्हाताऱ्यानं मफलर आवळला. "माझा जोडीदार व्हता. दम लागायला लागला का त्याला? कुणाला बोलला नाही बघ."

रुपाली चुलीकडं वळली. तव्यावरची भाकरी फुगली होती. आणि उत्तर द्यायचं तर ते फार लांबचं होतं.

रुपालीचं काम असं, की एका वाक्यात सांगितलं तर लोक हसतात. ती लोकांच्या घरी जाऊन, नसलेल्या माणसांच्या दुखण्याच्या गोष्टी वाचून दाखवते. बऱ्याच देशांत एकाच वेळी एक पाहणी चालू आहे. कुठल्या देशात कुठल्या आजाराचं ओझं किती, हे मोजायचं. त्यासाठी जो तो देश आपापल्या माणसांना विचारतो, तुमची तब्येत कशी? इथंच घोडं अडतं. कुठं माणूस गुडघा कुरकुरला तरी 'अतिशय त्रास' म्हणतो आणि आपल्याकडं अंथरुणाला खिळलेला म्हातारा उशीवरनं मान उचलून सांगतो, बरं आहे. दोघांचं उत्तर एका तराजूत कसं घालायचं? म्हणून मग चार गोष्टी. सगळ्या देशांत त्याच. गोष्टीतल्या माणसाचा त्रास तुम्ही किती धरता, त्यावरनं तुमचं माप कळतं. रुपालीला हे तेव्हा कळलं, जेव्हा तिला मार्केट यार्डातला काटा आठवला. माल चढवण्याआधी काट्यावर ओळखीचं वजन ठेवून बघतात, काटा खरा बोलतोय का. गोष्ट म्हणजे ते ओळखीचं वजन.

लोकांना अर्थातच वजनाबिजनाचं काही नसतं. बिबवेवाडीतल्या बायका विचारतात, "मुलं काय करतात हो त्याची? सून बघत नसेल." एक जण गुडघ्याच्या गोष्टीतल्या हेमासाठी निर्गुडीचा पाला बांधून द्यायला निघाली होती. सहकारनगरातले एक निवृत्त मास्तर चारही गोष्टी डोळे मिटून ऐकून म्हणाले, "या चौघांची एकमेकांशी ओळख करून द्या. निदान तुमच्या फेऱ्या वाचतील." रुपालीला हसायची परवानगी नाही. गोष्टीत आहे तेवढंच वाचायचं, पुढचं काही सांगायचं नाही, असा नियम.

पण त्या धोंडिबाच्या गोष्टीत एक गोम होती आणि ती रुपालीनंच घातलेली होती.

गोष्टी परदेशातून आल्या तेव्हा या गोष्टीतला माणूस फावड्यानं दारातलं बर्फ काढत होता. केयूर, म्हणजे तिचा सुपरवायझर, तिच्याहून दहाएक वर्षांनी लहान, डोक्याला हात लावून म्हणाला, "ताई, पुण्यात स्नो कोण काढणार, सांगा ना? जरा लोकल टच द्या. दम लागलेला माणूस आपल्याकडं काय करतो?"

"चप्पल नीट करतो," रुपाली पटकन म्हणाली.

"म्हणजे?"

"जिन्यात बसतो. पट्टा तुटल्यासारखं दाखवतो. कुणी मागनं आलं तर म्हणतो, तुम्ही व्हा पुढं. आणि झोपताना उशा लावतो पाठीला. विचारलं तर म्हणतो, पाठ धरलीय."

"वॉव," केयूर म्हणाला आणि टाइप करत सुटला. नाव त्यानंच दिलं. जुनं, ठसठशीत पाहिजे होतं.

संध्याकाळी घराचा जिना चढताना तिच्या ध्यानात आलं, आपण कुणाचं वर्णन करून आलो. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीतली लिफ्ट महिनोन्‌महिने बंद असते आणि घर तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मामा बसलेले. हातात चपलेचा पट्टा. पट्टा धडधाकट.

"हो पुढं," ते म्हणाले.

तेव्हापासून ती त्यांच्या मागं लागली होती, दवाखान्यात चला. नवरा, दशरथ, टेम्पो घेऊन चार दिवस बाहेर असायचा. तो फोनवर म्हणायचा, "आबा, जावा की एकदा." आबा म्हणायचे, "मला काय धाड भरलीय? बरं हाय." हे 'बरं हाय' त्यांनी यार्डात कमावलेलं होतं. टोळीत एकदा 'होत नाही' हा शब्द तोंडातनं निघाला, की त्या पाठीवर पुन्हा पोतं चढायचं नाही. टोळीनं कुणाला हाकललं नाही कधी. पण दुसऱ्या दिवशी त्या माणसाला कुणी हाक मारायचं नाही, बस. म्हणून मिरचीच्या धुरळ्यानं डोळे लाल, नाक बंद, छातीत शिट्टी, आणि तोंडानं बरं हाय.

गोष्ट ऐकून चार दिवस झाले तरी नागोरावांच्या डोक्यातनं धोंडिबा जाईना. ती कामाला निघाली की ते विचारायचे, "त्याला नेलं का कुणी दवाखान्यात?"

"मामा, खरंच कोणी नाही तो. देवाशपथ."

"तू असंच म्हणणार माय. तुझ्या संस्थेचा नियमच हाय, कुणाचं नाव फोडायचं नाही. तूच सांगितलंस ना मला? बरोबर हाय तुझं. नको सांगू."

आता काय करणार. तिनंच पूर्वी कधीतरी बजावलं होतं, लोकांच्या दुखण्याचं घरी बोलत नाही मी. आता जितकं नाही म्हणावं तितका धोंडिबा खरा होत चालला. एकदा मनात आलं, होऊ दे खरा. म्हणावं, चला, धोंडिबाला घेऊन जाऊ दवाखान्यात, आणि तिथं गेल्यावर डॉक्टरपुढं यांनाच बसवावं. पण तिला ते जमलं नाही. दिवसभर लोकांना खरं बोला म्हणून विनवायचं आणि घरी हे.

शुक्रवारी सकाळी त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा तिनं टॅब बाजूला ठेवला.

"मामा, त्या चपला तुमच्या हायत. उशा पण तुमच्या. मीच सांगितलं संस्थेत. तुमचंच बघून."

नागोरावांना खोकला आला तो त्यांनी दाबला, चेहरा काळानिळा होईस्तोवर दाबला.

"मला कुठं दम लागतो?" ते शेवटी म्हणाले. "धोंडिबाच हाय त्यो."

ती कामाला गेली. अकराच्या सुमाराला सहकारनगरात एका बंगल्याच्या ओट्यावर ती गोष्ट वाचत होती, तेव्हा फोन वाजला. नंबर अनोळखी.

"रुपाली का? मी धोंडिबा बोलतोय. येरवड्यावरनं."

तिनं टॅब ओट्यावर पालथा ठेवला. समोरच्या आजी म्हणाल्या, "का हो, काय झालं?" आता आजींना काय सांगणार, गोष्टीतल्या माणसाचा फोन आलाय म्हणून?

"नागू आलाय माझ्याकडं," फोनवरचा माणूस सांगत होता. "जिन्यात बसलाय. ओठ निळे पडलेत. तू ये."

रिक्षात तिनं केयूरला मेसेज केला, आज उरलेली घरं होणार नाहीत. त्याचं उत्तर आलं, 'ओके ताई, टेक केअर', आणि मागोमाग, 'काही लागलं तर सांगा, सिरियसली.'

येरवड्यातल्या त्या गल्लीत एक लोखंडी जिना वरच्या खोलीला गेला होता. मधल्या पायरीवर दोन म्हातारे शेजारी शेजारी बसले होते. एक तिचे मामा, छाती भात्यासारखी हलत होती, पण ओठांवर रंग परतला होता. दुसरा बारीक, काटक, डोक्याला कानावरून टापशी बांधलेला, हातात पाण्याचा तांब्या. तो तिला बघून म्हणाला, "ये माय. तुझ्या सासऱ्याला माझी तब्येत बघायची व्हती. घे, बघ. सकाळी दोन भाकरी आन् ठेचा खाल्लाय मी."

"बोलू नकोस," नागोराव म्हणाले.

"मी कुठं बोलतोय? मी वर दारात उभा. बघतोय तर खाली हे ध्यान येऊन बसलं आन् चप्पल दुरुस्त करायलंय. म्हटलं, नागूच्या चपलेला झालं काय? खाली आलो. पट्टा चांगला. श्वास तुटलेला."

"उन्हाचं चाललो म्हणून."

"पौषात ऊन?" धोंडिबा हसला नाही. तांब्या त्यानं पायरीवर ठेवला. "इतकी वर्षं तुझ्या पाठीवर पोतं मी चढवलं का नाही? कान माझा तुझ्या तोंडाशी असायचा. पोतं नीट बसलं का नाही, हे मला तुझ्या श्वासावरनं कळायचं. त्यो श्वास नाही हा. मला शिकवतो व्हय."

खालनं एक बाई घमेलं घेऊन वर चढायला आली, दोघं सरकून बसले.

"आपल्यात होत नाही म्हणायची सोय नव्हती," धोंडिबा म्हणाला. "आता कोणती टोळी हाय, सांग? कोण हाक मारायचं थांबणार हाय तुला?"

"उद्या जाऊ."

"उद्या नाही. रिक्षा उभीच हाय."

रिक्षावाल्यानं खरंच मीटर चालू ठेवून बिडी पेटवली होती. धोंडिबानं ती आधी विझवायला लावली.

सरकारी दवाखान्यात रांग होती तशी होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "आजोबा, त्रास किती दिवसांपासून?"

"बरं हाय," नागोराव म्हणाले.

"त्याचं बरं हाय धरू नका, बाई," धोंडिबा मागून म्हणाला. "आमच्यात त्याचा अर्थ लई वेगळा असतो."

रुपालीला वाटलं, हे केयूरला सांगायला पाहिजे. पहिल्या फेरीचे आकडे आले तेव्हा त्यानं लॅपटॉपवर नकाशा दाखवला होता. जिथं लोक त्रास जास्त सांगतात ते देश गडद, आपला फिकट. तो म्हणाला होता, "लुक ताई, आपण किती हेल्दी." मग स्वतःच म्हणाला होता, "असू शकत नाही ना?"

डॉक्टरीणबाईंनी नळीत फुंकायला लावलं. तीनदा. तिसऱ्यांदा नागोरावांनी फुंकलं आणि कॉट धरून बसले. मिरचीची धूळ, बिडीची वर्षं, श्वासनळ्या आकसलेल्या. बाई म्हणाल्या, गेलेलं परत येत नाही. पण उरलेलं राखता येईल, अजून उशीर झालेला नाही. तोंडातनं ओढायचा पंप दिला, कसा ओढायचा ते दाखवलं. धोंडिबानं ते नागोरावांच्या आधी शिकून घेतलं. तेव्हापासून तो दर गुरुवारी येरवड्याहून बस बदलून येतो, तिन्ही मजले एका दमात चढतो आणि आल्या आल्या विचारतो, "ओढलास का? माझ्यासमोर ओढ."

रुपालीनं केयूरला सांगून गोष्टीतलं नाव बदलून घेतलं. तसं करणं नियमात बसत होतं का, माहीत नाही. तो म्हणाला, "अनंत चालेल?" ती म्हणाली, ओळखीत कुणी नाही, चालेल.

थंडी सरत आली तेव्हाची गोष्ट. ती संध्याकाळी मेथीची जुडी घेऊन जिना चढत होती. लिफ्ट बंदच. पुढं मामा, चौकातनं एक फेरी मारून आलेले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते थांबले. हात सवयीनं चपलेकडं गेला. मग तिथनं तो मागं आला आणि कठड्यावर टेकला.

"थांब माय," ते म्हणाले. "दम लागलाय."

ती खालच्या पायरीवर होती. जन्मात पहिल्यांदा तो शब्द तिनं त्यांच्या तोंडून ऐकला. तिच्या तोंडातनं आपोआप कामातलंच निघालं.

"किती? थोडा, मध्यम, खूप?"

नागोरावांनी पायरीवर बसून विचार केला. खरंच केला, कपाळाला आठी घालून.

"मध्यम," ते म्हणाले. "पहिल्यांदा खूप व्हता. आता मध्यम धर."

"बरं."

वरच्या मजल्यावरचं कोणीतरी खाली उतरत आलं, "काय आजोबा, बसलात?" म्हणालं. नागोराव म्हणाले, "व्हय, बसलो," आणि पायरीवर सरकून वाट दिली.

त्यांचा श्वास जागेवर यायला वेळ लागणार होता. रुपाली त्यांच्या खालच्या पायरीवर बसली, ओढणी मांडीवर पसरली, जुडीचा दोरा सोडला आणि मेथी निवडायला लागली.