हरलेल्यांचे घोडे

"जिंकल्यावर काय केलंत, ते सांगा." कुणी जिंकल्याची बातमी आणली की गुरुजी चष्मा कपाळावर ढकलून हेच विचारायचे. बांधाचा दावा जिंकून आलेल्या माझ्या सासूबाईंनाही विचारलं. "जेवले, झोपले," त्या म्हणाल्या. "बरं केलंत," गुरुजी म्हणाले. "बाकीचे मिरवणूक काढतात."

कळंबच्या शाळेत ते इतिहास शिकवायचे, मी मुलींना शिवण. निजामाचा अंमल, शिकवणं उर्दूतून. तपासनीस येऊन गेला की गुरुजी मराठीवर यायचे आणि पुस्तकात नसलेली अमेरिका सांगायचे. तिथं भावाभावांत मोठं युद्ध झालं. गुलामगिरी मोडणारा अध्यक्ष जिंकला. हरलेल्या शिपायांना त्याच्या सेनापतीनं सांगितलं, आपापले घोडे घरी न्या, पेरणीला लागतील. "राज्य चालवणाऱ्याला हे जमलं पाहिजे," गुरुजी म्हणायचे. "पाडलेल्या माणसाचं रान पडीक ठेवायचं नाही." मला हसू यायचं. कळंबात बसून अमेरिकेच्या अध्यक्षांना गुण देणारा हा एकच मास्तर.

मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य संपलं. रझाकारांनी केलेलं कुणी विसरलं नव्हतं. माझ्या दिराचं घर त्यांनीच जाळलं होतं. गावात शांतता राहावी म्हणून अमन कमिटी केली, गुरुजींना तिचं सदर, म्हणजे अध्यक्ष, नेमलं. नाव सुचवलं माझ्या नवऱ्यानं.

त्याच आठवड्यात आमच्या गोठ्यात नवी बैलजोडी आली. शिंगं ताजी रंगवलेली. बाजारातून आणली, असं मला सांगितलं. मी वैरण टाकली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी दारात. मागं वेशीपलीकडची चाँदबी. तिच्या घरात रझाकार कुणी नव्हता, तरी नवरा भीतीनं परागंदा झालेला. तिनं गोठ्याकडं बघून हलकेच हाक मारली, "आ रे बेटा." पांढरा बैल दावं ताणून तिच्याकडं वळला.

माझ्या हातातली शेणाची पाटी तशीच राहिली. मी नवऱ्याकडं पाहिलं. तो गुरुजींना म्हणाला, "माझ्या भावाचं घर जळालं तवा कुठं होता तुम्ही?"

"पाणी मारत होतो, तुमच्या शेजारीच," गुरुजी म्हणाले. "आज रानाला वाफसा आहे. चार दिवसांत ओल उडेल. हिनं ज्वारी कधी पेरायची?"

नवरा हलला नाही. दावं मी सोडलं. दावं सोडल्याची शाबासकी मला नको. तीन दिवस त्या बैलांना आपले म्हणून मीच चारलं होतं.

दुपारी कमिटी बसली. गुरुजींचं सदरपद गेलं, शाळेत येऊ नका असंही सांगितलं. पहिला हात माझ्या नवऱ्यानं वर केला. घरी येऊन पायांवर पाणी घेता घेता त्यानंच हे सांगितलं, अगदी सहज. बारा वर्षं संसार केलेला माणूस मला ओळखू येईना.

दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना पाहिलं, तर चाँदबीच्या रानात गुरुजी धोतर खोचून तिफण हाकत होते. जन्मात कधी हाकली नसावी. मागून चाड्यात बी सोडत चाँदबी त्यांना रागं भरत होती, "सीधे चलो जी गुरुजी, शेपटीकडं काय बघताव?" ते मान डोलवायचे आणि पुन्हा वाकडेच जायचे.

आठवड्यात ज्वारी उगवली. वाकड्यातिकड्या ओळी बघून येणारेजाणारे हसायचे, कुणी पेरलं म्हणून विचारायचे. तोवर गुरुजींच्या खोलीला कुलूप लागलं होतं. ते कुठं गेले, का कुणी घालवले, गावात कुणी सांगेना. मी नवऱ्याला विचारलं. तो उठला आणि गोठा झाडायला लागला. त्या गोठ्यात तेव्हा एकही जनावर नव्हतं.