सिद्रामप्पांनी पाहिलेली जागा

वालूरच्या सिद्रामप्पांना लोक ओळखत ते जागा पाहण्यासाठी. जमिनीखालचं पाणी सांगणारे पानाडे असतात, तसे हे दुकानांचे पानाडे. सेलूत कुणाला मेडिकल टाकायचं असो की जिंतूरला चपलांचं दुकान, माणूस आधी सिद्रामप्पांच्या गादीपुढं येऊन बसायचा. मग बाजाराच्या दिवशी सिद्रामप्पा त्या गावी जाणार, समोरच्या हॉटेलात चहा मागवून दिवसभर बसणार, येणाऱ्याजाणाऱ्या बायकांचे पाय कुठं रेंगाळतात ते बघणार आणि संध्याकाळी उठताना बोट दाखवणार, "इथं टाक." त्यांनी बोट दाखवलेलं दुकान बुडालं असं कुणी सांगत नसे. निदान त्यांच्या तोंडावर तरी नाही.

या विद्येचा एकच पक्का नियम होता. जिथं आपलं कुणी नाही, तिथं जायचं. तरुणपणी जिंतूरला त्यांच्या घराण्यातली किराणा दुकानं एकाच गल्लीत होती. सगळ्यांच्या गळ्यात लिंग, सगळे एकाच स्वामींचे शिष्य, आणि साखरेच्या भावावरून एकमेकांच्या उरावर बसलेले. चुलता पुतण्याचं गिऱ्हाईक हाक मारून आपल्याकडं ओढायचा. लग्न झाल्यावर सिद्रामप्पा गंगम्माला घेऊन तिथून जे उठले, ते वालूरच्या अशा गल्लीत येऊन बसले की तिथं नात्यातलं काळं कुत्रंही फिरकत नव्हतं. दुकान धूमधडाक्यात चाललं. भाऊबंद जितके लांब तितकी बरकत, हे तेव्हापासून त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. गंगम्मानं ती पहिली वर्षं कशी काढली, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

त्यांचा एकुलता एक मुलगा विरेश ट्रॅक्टर दुरुस्तीत तरबेज. परभणीत शिकला, पुण्यात नोकरी केली आणि एक दिवस त्याचे कॅनडात कायमचं राहायचे कागद झाले. जायचं हे ठरलं, पण कुठं हे ठरेना. टोरंटोजवळच्या एका मोठ्या गावात त्याचा परभणीचा मित्र सुगत होता. तिथं विरेशच्या बायकोची, धनश्रीची, मावसबहीण राजेश्री होती, आणि आपल्यातली चार घरं सोमवारी एकत्र जमून भजनही करायची. अडचण एकच, काम मिळायची मारामार. दुसरं गाव पश्चिमेकडचं, लहानसं, चहूकडं गव्हाची शेतं. तिथल्या गॅरेजवाल्यानं विरेशला आधीच होकार कळवला होता. त्या गावात ओळखीचं असं कुणीच नव्हतं.

विरेशनं बापाच्या विद्येचा मान राखला. गादीवर शेजारी बसून त्यानं मोबाइलवर त्या लहान गावाचा रस्ता उघडला आणि बोटानं पुढं पुढं सरकवत राहिला. सिद्रामप्पा चष्मा कपाळावर सारून अगदी स्क्रीनला नाक लावून बसले.

"गॅरेजं किती हायत?"

"एकच, अप्पा."

"आन् आपल्यातले?"

"एकबी न्हाई."

"मग कशाला घोळ घालायलास? हेच गाव."

गंगम्मा मागं उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "आवो, या रस्त्यानं एक बाई बी चालताना दिसंना."

"थंडी आसंल," सिद्रामप्पा म्हणाले.

"धनूला माणसं लागतेत."

"दुकानाला गिऱ्हाईक लागतं. माणसं काय, आपोआप व्हतेत."

जन्मभर ज्यांनी रस्त्यावरच्या पावलांवर गणित मांडलं, त्यांना त्या रस्त्यावर पाऊलच नाही हे दिसू नये! पण नियम डोक्यात बसला की डोळे कामाचे राहत नाहीत. धनश्री दारातच उभी होती. राजेश्रीचं नाव तिच्या ओठांवर आलं असणार, पण सासऱ्याच्या शब्दापुढं ती बोलली नाही. तशी ती काही मुखदुर्बळ नव्हती. तिचं हसू चार घरं पलीकडं ऐकू जायचं. दुपारची कामं आटपली की ती ओट्यावर येऊन बसायची आणि बघता बघता तिच्याभोवती बायका जमायच्या. गल्लीत कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, हे त्या सुनेच्या सासूच्या आधी धनश्रीला कळायचं.

पहिलं वर्ष सिद्रामप्पांनी मिरवण्यात घालवलं. विरेशला मालकानं डोक्यावर घेतलं, घर झालं, गाडी झाली. बाजारात भेटेल त्याला सिद्रामप्पा सांगत, "हितं बसून तिकडची जागा पाहिली म्या." आणि खरंच, जागेत खोट नव्हती.

धनश्रीचा फोन रोज सकाळी यायचा, सिद्रामप्पांची लिंगपूजा आटपायच्या सुमारास. तिकडं तेव्हा रात्र पडलेली असायची. ती गंगम्माला गल्लीतली एकूण एक बातमी विचारायची. पुढं पुढं बातम्याही नको झाल्या. ती म्हणायची, "आत्याबाई, फोन जरा ओट्यावर ठेवा की. नळावरच्या बायकांचं भांडण ऐकू द्या." गंगम्मा फोन ओट्यावर ठेवून भाजी निवडत बसायची आणि कॅनडातली सून वालूरच्या नळावरच्या शिव्या ऐकत राहायची. सिद्रामप्पांना याचं हसू यायचं.

दुसऱ्या हिवाळ्यात फोन आखूड झाले. तिनं एका दुकानात काम धरलं आणि सोडलं. विरेश म्हणाला, ती दिवसभर पडदे ओढून बसते, डॉक्टरनं गोळ्या दिल्यात. व्हिडिओवर ती नुसती मान हलवायची. सिद्रामप्पांचं हसू आटलं. रस्त्यात कुणी जागेचं विचारलं तर ते विषय बदलू लागले. एका सकाळी त्यांनी विरेशला सरळ सांगितलं, "तिथून निघा. राजेश्रीच्या गावात जावा. काम मिळंल न मिळंल, उपाशी काय मरनार न्हाईत."

"मी तयार हाय, अप्पा," विरेश म्हणाला. "पण ती न्हाई म्हणायलीय."

ती कामून नाही म्हणते, हे सिद्रामप्पांना कळेना. त्यांनी स्वतःची समजूत घातली, एवढा लांबचा निरोप तिच्यापर्यंत नीट पोचत नसावा. एकदा ती या ओट्यावर येऊन बसली की सगळं जागेवर येईल. त्यांनी विरेशच्या मागं लकडा लावला आणि तिसऱ्या हिवाळ्यात तो तिला महिनाभरासाठी वालूरला घेऊन आला.

गंगम्मानं आदल्या दिवशीच गल्लीभर सांगून ठेवलं होतं. दुपारी बायकांनी ओटा भरला. कुणी बोरं आणली, कुणी नवं बाळ दाखवायला आणलं. सगळ्याजणी एकदम बोलू लागल्या, कारण गेल्या तीन वर्षांचं सांगायचं होतं आणि ऐकणारी आता आली होती. धनश्री मधोमध बसली होती. आधी ती प्रत्येकीकडं बघून हसली. मग तिची बोटं पदराशी चाळा करू लागली, चेहरा पांढरा पडला, आणि एका बाईनं प्रेमानं तिच्या पाठीवर हात ठेवताच ती दचकून उठली. चपलेत पाय न घालता ती आत गेली. धान्याच्या खोलीची कडी आतून लागल्याचं सगळ्यांना ऐकू आलं.

बायका एकेक करून उठल्या. गंगम्मा बोरं पाटीत भरत राहिली आणि रडत राहिली.

सिद्रामप्पा त्या खोलीच्या दाराशी जमिनीवर बसले. गादी सोडून असं खाली बसलेलं त्यांना घरात कुणी पाहिलं नव्हतं. विरेश अंगणात उभा होता, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं.

"धनू," ते म्हणाले, "बाळ, तू जाऊ नको आता. हितंच ऱ्हा. न्हाईतर राजेश्रीच्या गावात घर बघू. तिथं आपली माणसं हायत. मी सवता येतो, समदं लावून देतो."

आतून कडी निघाली. धनश्री ज्वारीच्या पोत्याला टेकून बसली होती, डोळे कोरडे. सासऱ्याकडं तिनं मायेनंच पाहिलं. म्हाताऱ्याला एवढं खाली बसवलं याचं तिला वाईट वाटत होतं.

"अप्पा, मला माणसं सोसनात आता," ती म्हणाली. "लय आवाज करतेत. आमचं तिकडचंच घर बरं हाय. तुमी जिवाला लावून घेऊ नका. तुमी जागा चांगलीच पाहिली व्हती. तिथं कुणीच न्हाई."

यात टोमणा नव्हता. ती मनापासून बोलत होती, सुनेनं सासऱ्याचे उपकार मानावेत तशी, आणि सिद्रामप्पांना हुंदका आवरला नाही.